खुट्याप्पाचा सांडवा

पाऊस सुरू झाला की सगळं गाव घरात पळायचं आणि खुट्याप्पा घरातून बाहेर पळायचे. डोक्यावर घोंगड्याची खोळ, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, काखेत बाभळीच्या टोकदार खुट्यांची मोळी आणि हातात लाकडी मोगरी. वळवाच्या गारा असोत नाहीतर श्रावणातली भुरभुर, माणूस रानात हजर. नव्या पाहुण्याला वाटे, म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. गावातली माणसं मात्र उंबऱ्यात उभी राहून म्हणत, "खुट्याप्पा निघाला, म्हंजे पाऊस बरा हाय." आभाळाकडे बघायची गरजच नसे.

त्यांचं खरं नाव भीमाप्पा. ते रेशनकार्डावर आणि मतदार यादीत होतं, बाकी कुठं नव्हतं. आमचं गाव निपाणीच्या पूर्वेला, चिक्कोडीच्या अंगाला. पश्चिमेचा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत दमलेला असतो. येतो थोडा, पण आला की एकदम येतो आणि जाताना माती घेऊन जातो. आमचं रान उतारावरचं. वर तांबडा मुरमाड माळ, खाली ओढ्याकाठी काळी. त्या उतारावर आडव्या सात ताली होत्या. ताल म्हणजे दगडमातीचा बांध. पाणी तालीमागं थांबायचं, जिरायचं, आणि उरलेलं तालीला ठेवलेल्या वाटेनं, म्हणजे सांडव्यातून, खालच्या तालीत उतरायचं. एका तालीचा सांडवा उजवीकडे, तर तिच्या खालच्या तालीचा डावीकडे. पाण्याला सरळ पळायला वावच नाही. या सातही ताली आमच्या घरचे गडी म्हणून आप्पांनी आणि त्यांच्या वडलांनी घातलेल्या होत्या.

त्यांची रीत साधी होती. पाऊस पडत असताना रानात पाणी कुठवर उभं राहतं ते बघायचं आणि त्याच्या कडेकडेनं खुट्या मारत जायच्या. उघडीप झाली की खुट्यांच्या रेघेवर दगड रचायचे, माती ओढायची, पायानं दडपायची. "पाणीच वळण दावतंय, मी निस्ता त्येच्या मागनं जातोय," असं ते म्हणत. कुणी म्हटलं, एवढं भिजण्यापेक्षा पाऊस थांबल्यावर जा की, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "पाणी उभं असतंय तवाच खुटी मारायची. मागनं खुटी मारणारा अंदाज मारतोय." हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल. कळलं मात्र फार उशिरा.

सातही तालींना नावं होती. बोरीची ताल, सापाची ताल, आणि माझ्या वडलांच्या लग्नाच्या वर्षी घातली म्हणून लग्नातली ताल. मी सात-आठ वर्षांचा असताना बोरं पाडायला बोरीच्या तालीतला एक दगड उपसला. आप्पांनी लांबून बघितलं आणि धावत आले. मला वाटलं, मालकाचा मुलगा म्हणून सोडतील. त्यांनी दंडाला धरून मला त्या खळग्यापुढं उकिडवं बसवलं आणि दगड होता तसा परत बसवायला लावला. मी तो उलटा बसवला, तर पुन्हा काढायला लावला. "दगड काढायच्या आधी त्येचं त्वांड कुठं हुतं ते बघून ठ्यावं," म्हणाले. बोरं मात्र त्यांनीच झाड हलवून पाडून दिली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आज लिहिताना मी 'आप्पा आले, आप्पा म्हणाले' असं लिहितोय. तेव्हा मी त्यांना 'ए आप्पा' म्हणत होतो. माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी मोठा माणूस, पण आमच्या घरात शेंबडं पोरही त्यांना अरे-तुरे करायचं. ते बुद्धवाड्यात राहत. त्यांचा चहाचा कप आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा, कानाचा तुकडा उडालेला. मी धारवाडला जाऊन शेतीची पदवी घेऊन आलो, घरात रेडिओ आला, गॅसची शेगडी आली, तरी तो कप त्याच कोनाड्यात होता. आप्पा चहा पिऊन झाला की तो स्वतः विसळून ठेवत. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, आणि शिकलेला माणूस म्हणून मी स्वतःला चांगलाच मिरवत होतो.

पदवी घेऊन आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की आजोबा-पणजोबांची ही शेती आता यंत्रावर आणायची. आबा, म्हणजे माझे वडील, जुन्या वळणाचे जमीनदार होते. पण त्यांनी आडकाठी केली नाही. विहिरीवर विजेची मोटर बसली, हायब्रीड ज्वारी आली, आणि एका पाडव्याला तांबडा ट्रॅक्टर दारात उभा राहिला. सगळं गाव बघायला लोटलं. आप्पांनी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुढच्या चाकाला हात लावला आणि मला विचारलं, "ह्यो वळतो कसा?" मी स्टेअरिंग दाखवलं. म्हणाले, "वळतोय, पर वाकत न्हाय." हायब्रीडची भाकरी खाऊन म्हणाले, "बसलेलं असताना प्वाट भरतंय, उठलं की न्हाय." मी हसलो होतो. अडाण्याच्या गमती म्हणून मित्रांना सांगायचोही.

पण ट्रॅक्टरला खरंच वाकता येईना. ताली कुठं विळ्यासारख्या, कुठं सापासारख्या वळलेल्या. फाळ वळवता वळवता अर्धा दिवस जायचा, कोपरे नांगरायचे राहायचे. मला लांबलचक सरळ तास हवे होते, पुस्तकातल्या फोटोत असतात तसे. मी हिशोब मांडला की वरच्या सहा ताली काढल्या तर रान सलग होईल आणि तालीखाली गुंतलेली जमीनही मोकळी होईल. आबा म्हणाले, "आप्पाला विचारल्याशिवाय तालीला हात लावू नकोस." मी विचारलं. ते नाही म्हणाले. मग मी आबांना सांगितलं, विचारलं.

हुबळीकडून डोझर आला. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. चालक कानडी होता. आप्पा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि "स्वल्प निल्लप्पा" म्हणून त्याला थांबवलं. मग माझ्याकडे आले. खाली उतारावर, सातव्या तालीच्या पलीकडे, ओढ्याला लागून त्यांचा स्वतःचा दीड एकराचा तुकडा होता. त्यात ते तंबाखू लावायचे. तिची पानं निपाणीच्या बाजारात नावाजलेली होती. ते म्हणाले, "धाकलं सरकार, सा ताली काढल्यावर सगळं पाणी सातवीवर येणार. तिचा सांडवा एका तालीच्या पाण्याचा हाय. दोन तरी ठिवा." मी त्यांना उतार, निचरा असलं बरंच काही समजावून सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि डोझरच्या वाटेतून बाजूला झाले. तीन दिवसांत सहा ताली गेल्या. लग्नातली ताल मोडताना आबा घराबाहेर आले नाहीत.

धारवाडला आम्हाला उतारावरच्या बांधांचा सबंध धडा होता. समपातळी बांध, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघेवरून वळत जाणारे. माझ्या वहीत मी त्यांची आकृती हिरव्या पेन्सिलीनं काढली होती आणि सरांनी खाली 'उत्तम' असा शेरा दिला होता. पुढं एकदा ती वही ट्रंकेतून काढली. त्या हिरव्या रेघा आणि आमच्या ताली, वळणं तीच. परीक्षेत मी ज्याचे पूर्ण गुण मिळवले, तेच माझ्या बापाच्या रानात उभं होतं आणि मी ते भाड्याचं यंत्र आणून मोडलं. ते बुद्धवाड्यातल्या एका निरक्षर माणसानं बांधलं होतं, एवढ्यावरून मला ते ओळखू आलं नाही. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं म्हणावं.

त्या साली हस्त नक्षत्राचा पाऊस दुपारी तीनला सुरू झाला. शेतीखातं आठवडाभरानं शेतकऱ्यांना घेऊन माझं नमुना शेत बघायला येणार होतं, म्हणून मी पंपाच्या खोपीत पाट्या रंगवत बसलो होतो. तासाभरात सगळा उतार वाहायला लागला. मी छत्री घेऊन खाली पळालो. सातव्या तालीवर आप्पा होते. सांडव्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते पहारीनं त्याच्या कडेचे दगड ढिले करत होते, वाट रुंद करायला. पाणी सांडव्यातून धो धो जात होतं आणि तरी तालीमागं चढतच होतं. त्यांनी मला बघितलं. हात वर करून मागं सर अशी खूण केली. मी मागं सरलो आणि ताल मधोमध फुटली. आमची वरची माती, भुईमूग, मुरूम, दगडगोटे असं सगळं आप्पांच्या दीड एकरावर जाऊन बसलं. तंबाखू चांगली जोम धरत होती. तिचं एक पान दिसेना. आप्पा कडेच्या करंजाला धरून राहिले म्हणून वाचले. पायाचं बोट मात्र चेंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा घरापुढच्या कट्ट्यावर बसले. आठ-दहा माणसं होती. आप्पा पायाला चिंधी बांधून आले आणि नेहमीच्या जागी, कट्ट्याखाली उभे राहिले. आबांनी मला विचारलं, ताल कशानं फुटली. त्यांचा आवाज शांत होता, आणि त्या आवाजाचा अर्थ मला ठाऊक होता. ट्रॅक्टर विकला जाणार, रान पुन्हा दिवाणजीच्या हाती जाणार आणि मी बेळगावात कुठल्यातरी कचेरीत कारकुनी करणार. मला दुसरं काहीही सांगता आलं असतं. पाऊस फार झाला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "आप्पानं सांडवा मोकळा केला नव्हता."

आबांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, पावसात हात वर केला होता तेवढाच वेळ. मग ते म्हणाले, "व्हय सरकार. इसरलो."

आबा उठून आत गेले. माणसं पांगली. आप्पा गोठ्यात गेले आणि आमच्या घरची पहार, जी तीस वर्षं त्यांच्याच हातात होती, ती भिंतीला टेकवून ठेवली. मला म्हणाले, "इसरणाऱ्या मानसाच्या हातात पहार नसावी." कोनाड्यातला कप तसाच ठेवून ते घरी गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या रानात पाय टाकला नाही.

गावात मग म्हण पडली. कुणी मीठ आणायला विसरलं, कुणाचं जनावर दाव्याविना राहिलं, की लोक म्हणायचे, खुट्याप्पाचा सांडवा झाला. पोरं तर त्यांच्या मागून ओरडायची. ज्या माणसानं चाळीस पावसाळ्यांत एकही सांडवा विसरला नव्हता, त्याच्या नावानं विसरण्याची म्हण. मी ती पहिल्यांदा निपाणीच्या बसस्टँडवर ऐकली, आमच्याच गावच्या दोन बायकांच्या तोंडून, आणि बस येईपर्यंत पानाच्या टपरीमागं उभा राहिलो.

आप्पा आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो, पाट्यांनी मुरूम वाहून ओढ्याकडेला टाकायचे. रोज थोडा. मी ट्रॅक्टर पाठवतो म्हणालो. आप्पा म्हणाले, "नको. त्येला वाकता येत न्हाय." दीड एकर काही निघालं नाही. शेवटी आक्का निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळायच्या कामावर जाऊ लागली. संध्याकाळच्या बसनं ती परत यायची तेव्हा खोकल्यावरून कळायचं. आप्पा तिला बसला सोडायला-आणायला जायचे, आणि वाटेत ती त्यांना बोलायची. तिचं बोलणं रस्त्यावर ऐकू यायचं. लोकाच्या रानाचे सांडवे सांभाळलेस आणि आपल्या रानावर पाणी यायच्या वेळी इसरलास, असं काहीसं असायचं. आप्पा पुढं चालत राहायचे.

खात्याची भेट ठरल्याप्रमाणं झाली. पावसानं आणि गड्याच्या चुकीनं नुकसान झालं, असं मीच पाहुण्यांना सांगितलं. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा जिभेला त्रास होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी यंत्रानं सरळ बांध घातले. ते त्या पावसाळ्यात फुटले. पुन्हा घातले, पुन्हा फुटले. मातीचा रंग बदलायला लागला, तांबड्यातून पांढरा मुरूम डोकावू लागला. तेव्हा मी आप्पांकडे गेलो. जुन्या ताली कुठून कशा जात होत्या, एवढंच सांग म्हटलं. ते अंगणात खुटीला टोक काढत बसले होते. टोक काढणं थांबवलं नाही. म्हणाले, "मला काय याद हाय? मी इसरलो न्हवं का?" मी तीनदा गेलो, आणि तिन्हीदा हेच उत्तर घेऊन परत आलो. ते उत्तर मीच त्यांच्या तोंडी घातलं होतं, तक्रार कुणाकडं करणार?

मग एका पावसात मी स्वतःच खुट्या घेऊन गेलो. छत्री नव्हती. पाणी उभं होतं, त्याच्या कडेनं एकेक खुटी मारत निघालो. मोगरी बोटावर बसत होती. खाली ओढ्याकडेला, आपल्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर खोळ घेऊन आप्पा उभे होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. मी दहाएक खुट्या मारल्यावर त्यांचा आवाज आला, "चौथी खुटी हातभर वर घ्या." मी मागं जाऊन बघितलं. चौथी खुटी खरंच पाण्याच्या आत होती. ती काढून वर मारली आणि वळून बघितलं तर ते घराकडे निघाले होते. ती ताल आजही आहे. एवढ्या वर्षांत एकदाही फुटली नाही.

त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो. त्यांच्या ते लक्षात आलं. पुढं एकदा वाटेत एकटे भेटले, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आप्पा, त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?" मला वाटलं होतं, ते म्हणतील, तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलंय, तुमची अब्रू ती माझी अब्रू. खरं सांगायचं तर मी तेच ऐकायला गेलो होतो. तसं ऐकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "थोरल्या सरकारांनी दोघांस्नी समोरासमोर इचारलं. मी न्हाय म्हटलं असतं तर दोघांतला एक खोटा पडला असता. कोन पडला असता?" तेच पुढं म्हणाले, "खोटा ठरून रानाबाहेर जान्यापरीस इसरून गेल्यालं बरं. इसरतंय मानूस."

आबा वारले तेव्हा आप्पा मयताला आले होते, लांब उभे राहिले. आबांनी शेवटच्या आजारपणात दोनदा मला विचारलं होतं, "आप्पा येत का नाही रे आता?" मी म्हटलं, वय झालं त्यांचं. आबांना खरं सांगायचं मी उद्यावर टाकत राहिलो आणि एक दिवस उद्याच राहिला नाही. खुट्या मारून घातलेल्या चार ताली बघायला तालुक्याहून माणसं आली, मला नारळ आणि शाल मिळाली. प्रगतिशील शेतकरी असं लिहिलेली फ्रेम आमच्या सोप्यात लागली. तिच्याखाली बसून मी पेपर वाचतो.

ताल फुटल्यावर अकरा वर्षांनी, मे महिन्यात, आप्पांची नात आमच्या दारात आली. सुजाता तिचं नाव. बेळगावला वडगावात मामाकडे राहून शिकायची. मामा यंत्रमागावर कामाला होता, आणि ही पोरगी मागाच्या खडखडाटात अभ्यास करून सिव्हिलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती. तिला आत बोलावलं. चहा घरातल्याच कपात दिला. त्याचंही मला तेव्हा कौतुक वाटलं, स्वतःचं. तिनं चहाला हात लावला नाही. पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं पसरला. सुट्टीत आलेल्या मैत्रिणीला घेऊन, गवंडी पातळी बघतात त्या पाण्याच्या नळीनं तिनं आमचा सगळा उतार मापला होता. सातव्या तालीच्या सांडव्याची रुंदी आणि खोलीही घेतली होती. जुने दगड अजून होते.

"एवढ्या उताराचं पाणी ह्या सांडव्यातनं जाऊच शकत नाही," ती म्हणाली. "तो उघडा असू दे, नाहीतर बंद असू दे. ताल फुटणारच होती. मग आजोबा विसरले काय?"

कागदावरच्या रेघा सरळ, अक्षर सुरेख. मी सांडव्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणालो, "काही विसरले नाहीत. सांडवा मोकळा होता. मी बघितलं होतं."

तिनं मान हलवली, गणिताचं उत्तर बरोबर आल्यावर हलवतात तशी. रागावली असती तर सोपं झालं असतं. "आज्जीला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तुम्ही सांगा. आणि जिथं त्यांनी विसरलो म्हटलं, तिथंही सांगा. आजोबा आता अंथरुणावरच असतात. लवकर सांगा."

मी हो म्हटलं. म्हटलं, कर्नाटकी बेंदराला सगळे बैल घेऊन आपल्या कट्ट्यापुढं येतात, तेव्हा सगळ्यांदेखत सांगतो. तिला पटलं असावं. मला ठाऊक होतं की बेंदूर महिन्यावर आहे, आणि महिना म्हणजे महिनाभर गप्प बसायची सोय. बुद्धवाडा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. मी त्या महिन्यात चिक्कोडीला दोनदा, कोल्हापूरला एकदा जाऊन आलो. त्या पाच मिनिटांच्या वाटेनं गेलो नाही.

बेंदराच्या आठ दिवस आधी दुपारी जोराची सर आली. माणसं उंबऱ्यात उभी राहिली. वाटेवरून कुणी खोळ घेऊन निघालं नाही. आपसात कुणीतरी म्हणालं, आप्पाचं खरं दिसत न्हाय. संध्याकाळी आप्पा गेल्याचा निरोप आला.

बेंदराला शिंगं रंगवलेले बैल आले. आता थोडेच उरले होते. मी कट्ट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं. पाच-सात वाक्यं होती, ती बोलायला मला फार वेळ लागला. बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मग शिवा नावाचा जुना नांगऱ्या, जो त्या पावसात पंपाच्या खोपीच्या आडोशाला उभा राहून खाली तालीकडे बघत होता, म्हणाला, "आम्हास्नी ठाव हाय सरकार. सांडवा व्हाताना आम्ही चौघांनी बघितलाय."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तो म्हणाला, "आप्पानं सवताच इसरलो म्हटल्यावर आमी कोन?"

म्हणजे गावाला माहीत होतं. म्हण पाडणाऱ्यांनाही बहुधा माहीत होतं, आणि ती ऐकून टपरीमागं लपणारा मीही त्यांना माहीत होतो. माहीत नव्हतं ते दोघांनाच. एक माझे आबा, ते गेले. आणि दुसरी आक्का.

तसाच बुद्धवाड्यात गेलो. सुजाता दारात होती, ती बाजूला झाली. आक्का चुलीपुढं बसली होती. जळणाला आप्पांच्या उरलेल्या खुट्यांची मोळी सोडली होती आणि एकेक खुटी चुलीत घालत होती. मला बघून तिनं सवयीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, "या सरकार," म्हणाली. मी उंबऱ्यातच बसलो आणि सांगितलं, कट्ट्यावर सांगितलं तसंच. तिची पुढची खुटी हातातच राहिली. चुलीतला जाळ बसत आला तरी तिनं ती आत सारली नाही.

"धा-अकरा वर्सं," ती म्हणाली, "दर पावसाला मी त्यास्नी बोलत आले रं. शेवटच्या पावसातबी बोलले."

सरकार म्हणायचं ती विसरली होती, की मुद्दाम म्हणाली नाही, हे मला कळलं नाही. तिनं हातातली खुटी चुलीत घातली आणि दुसरी उचलली.